मॅनेजरच्या रकान्यातलं नाव

दिनूभाऊजी,

तुमचा तेरावा होऊन आज सहा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला, आणि मी टेबलाशी बसले आहे. हे लिहिणं तुम्हाला आहे, पण वाचणार आहेत ग्लासगोतली माझी नातवंडं, इरा आणि नील. त्यांचे बाबा त्यांना वाचून दाखवतील. म्हणून तुम्हाला चांगल्या ठाऊक असलेल्या गोष्टीही मी सांगत जाणार आहे. मधेच "वहिनी, हे झालंय सांगून" असं म्हणू नका.

निमित्त इराच्या प्रश्नाचं. तुम्ही गेल्याचं कळल्यावर ती फोनवर बराच वेळ रडली, आणि मग नाक पुसत म्हणाली, "छोटे आजोबा आधी स्ट्रायकर होते आणि मग मॅनेजर झाले, हो ना? आमच्या इथल्यासारखे?" तिच्या गावात असे पुष्कळ असतात म्हणे. तरुणपणी गोल मारून नाव कमवायचं, पाय थकले की लांब कोट घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि कोण खेळणार, कोण बसणार ते ठरवायचं. मी तिला हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण अर्धंच खरं बोललो.

नगरातल्या कुठल्याही जुन्या फुटबॉलवाल्याला विचारलं तर तो सांगेल, की दिनूचा खेळ त्याच्या वहिनीच्या इंग्रजीने संपवला. फॉर्म भरताना बाईंनी चूक केली. तुम्ही स्वतः हे किती वेळा सांगितलंत याला गणती नाही. साखरपुड्यात, बारशात, माझ्या निवृत्तीच्या समारंभात माईक हातात घेऊन. भाऊजी, ती चूक नव्हती. मी ते जाणूनबुजून लिहिलं होतं. तुमच्या दादांना ते असेपर्यंत मी हे कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगायचं दर दिवाळीला ठरवलं, आणि तुम्ही निघून गेलात.

आता पहिल्यापासून.

स्ट्रायकर हा शब्द इराने पहिल्यांदा वापरला तेव्हा तुम्ही किती हसला होतात. "मी काय कॅरमचा स्ट्रायकर आहे काय गं, बोटाने टिचकी मारायला?" आपल्याकडे त्या जागेला सेंटर फॉरवर्ड म्हणत. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते तेव्हा तुमचे दादा मला भिंगारच्या मैदानावर तुमची मॅच दाखवायला घेऊन गेले. समोर लष्कराची टीम, सगळे उंचेपुरे. तुम्ही त्यांच्यात एकटेच मधोमध उभे, हात कमरेवर, एस.टी.ची वाट बघत असल्यासारखे. मी ह्यांना विचारलं, तुमचा भाऊ पळत का नाही? हे म्हणाले, थांब जरा. थोड्या वेळाने चेंडू खरोखरच एस.टी.सारखा तुमच्यापाशी येऊन थांबला. तुम्ही एक पाऊल टाकलंत आणि गोल झाला. मला तेव्हा फुटबॉल कळत नव्हता, पण वर्गात कुठला मुलगा उत्तर येत असूनही गप्प बसला आहे ते मला ओळखू येई. तुमचं उभं राहणं तसलं होतं.

दिवसा तुम्ही विजेच्या खात्यात लाईनमन होतात. खांद्यावर दोराचं भेंडोळं, कमरेला पट्टा. संध्याकाळी मैदान. क्लबचे सेक्रेटरी तुमचे दादा, आणि क्लबचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे, कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि मुलींच्या शाळेत तोच विषय शिकवणारी. क्लबमध्ये माझ्या इंग्रजीचा एवढा दरारा होता, की मी लिहिलेला कागद कुणी वाचूनही पाहत नसे. सरळ खाली सही.

मग तुमचा गुडघा. उजवा. पाय वळला, तुम्ही पडलात, उठलात आणि मॅच पुरी खेळलात. घरी आलात तेव्हा पँट वर सरकत नव्हती इतकी सूज. दादांना सांगू नका म्हणालात, म्हणून तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे मी आले. डॉक्टर वयस्क होते, मोजकं बोलणारे. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलायला लागले. मीही इंग्रजीतच उत्तरं दिली. तुम्ही तिथेच, हातभर अंतरावर, तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसला होतात. ते म्हणाले, आतला सांधा धरून ठेवणारी दोरी तुटायला आली आहे. आणखी एकदा वळला तर नुसता खेळ जाणार नाही, याला पुन्हा विजेच्या खांबावर चढता येणार नाही. टेबलाशी बसवणारी दुसरी नोकरी मिळेल का, ते आताच पाहून ठेवा.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "दोन महिने विश्रांती घ्या म्हणाले." तुम्ही म्हणालात, "कोल्हापूर तीन आठवड्यांवर आलंय वहिनी, दोन महिने कुठून आणू?"

इरा, कोल्हापूर म्हणजे आपल्याकडचं ग्लासगोच समज. तिथे फुटबॉलवरून घरं भांडतात. आमच्या क्लबला तिथल्या स्पर्धेचं आमंत्रण पहिल्यांदाच आलं होतं आणि छोट्या आजोबांनी आयुष्यभर त्याच मैदानाचं स्वप्न पाहिलं होतं. त्यांना थांबवणारं घरात कुणी नव्हतं. दादा त्यांच्या खेळावर त्यांच्याहून जास्त खूष. आणि कुसुमला, म्हणजे तुझ्या छोट्या आजीला, पाचवा महिना होता. तिला घाबरवायचं नाही असं मी ठरवलं. ते बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्पर्धेचा फॉर्म इंग्रजीत होता. जेवणाच्या टेबलावर हे नावं सांगत होते आणि मी लिहीत होते. एका बाजूला खेळाडूंची यादी, खाली वेगळा रकाना, मॅनेजर. त्याखाली बारीक टाईपात नियम, की मॅनेजर म्हणून नाव असलेल्याला खेळता येणार नाही. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे कोण, तर राहण्याच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणारा, लिंबं कापणारा, धुतलेले शर्ट मोजून घेणारा. क्लबमध्ये दर वेळी एका ज्येष्ठ सभासदाला ते काम मिळे. ह्यांनी पहिलं नाव सांगितलं, अर्थातच तुमचं. मी मान डोलावली आणि यादीतली पहिली ओळ कोरी ठेवून दुसऱ्या ओळीपासून नावं लिहिली. शेवटी मॅनेजर आला तेव्हा ह्यांनी त्या ज्येष्ठ सभासदांचं नाव सांगितलं. ते मी पहिल्या ओळीत, खेळाडूंत लिहिलं, आणि तुमचं खाली मॅनेजरच्या रकान्यात. अक्षर चांगलं आलं होतं. ह्यांनी न वाचता सही केली.

ह्यांच्या बँकेत कामाचे दिवस होते, त्यामुळे हे कोल्हापूरला गेले नाहीत. टीम घेऊन तुम्हीच गेलात. तिथल्या कचेरीत फॉर्म पुढे आला तेव्हा सेंटर फॉरवर्डच्या जागी साठीचे गृहस्थ आणि मॅनेजरच्या जागी तुम्ही. परत आल्यावर क्लबमध्ये जो गोंधळ झाला त्यात मला बोलावून घेतलं गेलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, विलायतेत मॅनेजर हा टीममधला सगळ्यात मोठा माणूस असतो, मला वाटलं भाऊजींना मान मिळावा. एक सभासद म्हणाले, बाईंच्या इंग्रजीने आमचा सेंटर फॉरवर्ड गिळला. सगळे हसले. हेही हसले, पण नंतर घरी येऊन म्हणाले, तुझ्याकडून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं. भाऊजी, नवशिक्या मास्तरणीलाही कळणारी गोष्ट मला कळत नाही असं सगळ्या गावाने मान्य केलं, आणि मी ते मान्य होऊ दिलं. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात एक स्पेलिंग चुकलं तरी मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करणारी.

तुम्ही मात्र हसला नाहीत. तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून आत येईनात. मी म्हटलं, ठीक आहे, पाय शाबूत आहे ना, मग राग राहू दे.

एका रविवारी आलात. दारातच उभे राहून विचारलंत, "वहिनी, तुमच्या त्या विलायतेत मॅनेजर नेमकं करतो काय?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. वेळ मारून नेण्यासाठी मी ते वाक्य बोलले होते. पण तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी वाचनालयात गेले, तिथे येणारी जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं मागून घेतली आणि रविवारी सकाळी तुम्हाला त्यातलं खेळाचं पान वाचून दाखवायला लागले. हा आपला वर्ग किती वर्षं चालला हो. एका मॅनेजरला सॅक मिळाली असं मी वाचलं तेव्हा तुम्ही विचारलंत, पोतं दिलं? कशाचं, कांद्याचं? मी हसून हसून चष्मा काढून ठेवला आणि मग सांगितलं, कामावरून काढलं. तुम्ही कोपऱ्यात चुन्याने खुणा करून मला बाण काढून दाखवायचात, की हा इकडे सरकला तर तो मोकळा होतो. फरशी पुसताना त्या बाणांवरून कुसुम आपल्या दोघांनाही बोलायची.

कोल्हापूरला काय झालं ते मला फार नंतर समजलं, तेही खेळाडूंकडून. पहिल्या मॅचला मध्यंतरापर्यंत आपली टीम एका गोलने मागे होती. तुम्ही लिंबं कापायची सोडून सगळ्यांना गोल बसवलंत आणि तीन माणसांच्या जागा बदलल्या. तुमच्या जागी राहुरीकडचा, देवळाली प्रवऱ्याचा रावसाहेब खेळत होता. त्याला एवढंच सांगितलंत, की पळू नकोस, उभा राहा. ती मॅच आपण जिंकलो, पुढची हरलो. पण परत आलेल्या खेळाडूंना एक गोष्ट पटली होती. पुढच्या वर्षी त्यांनीच कमिटीला सांगितलं, की टीम दिनूअण्णा निवडतील. लिंबं कापायला दुसरा माणूस बघा.

म्हणजे पाहा, मी मॅनेजरबद्दल जे खोटं बोलले होते ते तुम्ही पुढच्या तीस वर्षांत खरं करून दाखवलंत. नगरात मॅनेजर या शब्दाचा अर्थ बदलला तो तुमच्यामुळे. कोल्हारच्या उसाच्या फडाशेजारी, राहुरीच्या शाळेमागे, जिथे जिथे तुम्हाला लाईन दुरुस्त करायला पाठवत, तिथे तुम्ही खांबावरून खालचा खेळ बघत बसायचात. वरून बघितलं की मैदान नकाशासारखं दिसतं, म्हणायचात. खाली उतरून एखाद्या मुलाचं नाव विचारून यायचात. तुमचे अधिकारी यावरून दोनदा रागावले होते. पुढे माझ्या शाळेतल्या मुलींची टीम तुम्ही मागितलीत, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून मीच नाही म्हटलं होतं. वर्षभर तुम्ही रोज शाळेच्या फाटकापाशी सायकल लावून हात कमरेवर ठेवून उभे राहिलात. शेवटी मी हो म्हटलं. त्या टीममधल्या तिघी तेराव्याला आल्या होत्या. एकीला नात झाली आहे.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचे, जो मास्तर ओरडतो त्याने तयारी केलेली नसते. तुम्ही मैदानाच्या कडेवरून इतके ओरडायचात की पलीकडच्या रस्त्यावरचा टांगेवाला थांबायचा. तुमचं म्हणणं, वहिनी, तुमची मुलं बाकावर बसलेली असतात, माझी सत्तर पावलांवर पळत असतात. हे उत्तर बरोबर आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी कबूल केलं नाही, एवढंच.

आणि दुसरं अगदी अलीकडचं. इरा तिच्या शाळेच्या टीममध्ये पुढे खेळते. पोरगी फोन उभा करून तुम्हाला मैदान दाखवायची आणि तुम्ही पलंगावरून तिला सूचना द्यायचात. तिच्या बाई तिला कडेला खेळवतात हे कळल्यावर तुम्ही तीन दिवस जेवणात लक्ष दिलं नाहीत. मला म्हणालात, त्या बाईंना इंग्रजीत एक पत्र लिहा, ही मुलगी मधली आहे. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "एवढं काय वहिनी, एका शब्दाचा तर प्रश्न आहे." मी त्या दिवशी सगळं सांगून टाकणार होते. मला एका शब्दाची भीती का वाटते, ते. तेवढ्यात कुसुम तुमच्या गोळ्या घेऊन आली.

परवा, सगळे गेल्यावर, रावसाहेब आला. आता तोही सत्तरीचा, काठी घेऊन. येताना पिशवीभर लिंबं आणली होती, स्वतःच्या शेतातली. तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. कुसुम आत होती. मी त्याला म्हटलं, रावसाहेब, तुझी जागा तुला माझ्या चुकीने मिळाली. नेहमीची चेष्टा म्हणून म्हटलं. तो हसला नाही.

"बाई, एक बोलायचं हुतं. आण्णा असंपत्तर बोलायचं न्हाई असं कबूल केल्तं."

मग त्याने सांगितलं. कोल्हापूरच्या कचेरीत फॉर्म पुढे आला तेव्हा तुमच्याबरोबर तो एकटाच होता. तिथल्या कारकुनाने स्वतःच विचारलं, की नावं उलटी पडलेली दिसतात, उद्या सकाळपर्यंत बदलता येतील, सही करा आणि मोकळे व्हा. पेन तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही तो कागद बराच वेळ बघत राहिलात. मग पेन परत केलंत. रावसाहेबाला वाटलं, तुम्हाला समजलंच नाही. म्हणून बाहेर आल्यावर त्याने पुन्हा सांगितलं, अण्णा, अजून बदलता येतंय.

"आण्णा म्हनले, वहिनीनं लिवलंय ते बरूबर लिवलंय. डाक्टर तिच्याशी इंग्रजीत बोलत हुता. तिला वाटलं मला कळंना. पर त्यो 'पोल' म्हनला, रावसाहेब. पोलला इंग्रजीत बी पोलच म्हनत्यात."

पोल, लाईन, फ्यूज, वायर, अर्थिंग. तुमची सबंध नोकरी इंग्रजीत चालायची, भाऊजी, आणि मी इंग्रजीची बाई तुमच्यासमोर बसून तुमच्याच पायाबद्दल इंग्रजीत बोलत होते, तुम्हाला कळणार नाही या खात्रीने. इतकी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही. फॉर्म भरताना मी चुकले नव्हते, चुकले ती त्या दवाखान्यात.

रावसाहेब पुढे म्हणाला, तुम्ही त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या पायरीवर बसून राहिला होतात. "मला जागा मिळाली म्हनून मी लई खूश हुतो, आन् आण्णांकडं बघवत बी नव्हतं." मग तुम्ही त्याला शपथ घातलीत. वहिनीला यातलं कळता कामा नये, ती स्वतःला दोष देईल. लोकांना म्हणू दे चूक झाली म्हणून.

तेव्हा ते तीन आठवडे माझ्यावरच्या रागाचे नव्हतेच. सोडलेल्या खेळाचं सुतक होतं ते, आणि ते तुम्ही एकट्याने पाळलंत. आणि नंतरची ती सगळी चेष्टा, माईक हातात घेऊन केलेली. मला वाटायचं तुम्ही मला टोचता आहात. आता वाटतं, स्वतःहून खेळ सोडला हे म्हणायला तुम्हाला जड जात होतं. वहिनीच्या इंग्रजीने घालवला, हे म्हणणं सोपं होतं. माझी चूक तुम्हालाही हवी होती. मला ती लपायला हवी होती, तुम्हालाही. त्या एका आडोशाला आपण दोघं पन्नास वर्षं उभे राहिलो, एकमेकांना न सांगता. आपल्या घरात एवढं मोठं गुपित कुणाला पेललं असेल असं मला वाटलं नसतं. मी तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले याचा मला मनातून थोडा अभिमान होता. तुम्ही माझ्यासाठी रोज गप्प राहिलात. ते किती अवघड असतं, हे मला कळतं, मला एक दुपार गप्प राहवत नाही.

राहवलं नाहीच. रावसाहेब गेल्यावर मी आत गेले. कुसुम मेथी निवडत होती. मी तिला डॉक्टरांपासून कोल्हापूरपर्यंत सगळं सांगितलं. तिने एकदाही मधे विचारलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "तेव्हा संजू पोटात होता."

"हो."

"म्हणून लिहिलंत?"

"हो."

तिने दोन-तीन काड्या निवडल्या. मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, रावसाहेबाला माहीत होतं. नवरा माझा, आणि मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही."

भाऊजी, तुम्ही गेल्यापासून ही बाई एक शब्द बोलली नव्हती. आल्यागेल्याला मान हलवून उत्तर देत होती. ती मला पाऊण तास बोलली. मी थोरली जाऊ, निवृत्त मुख्याध्यापिका, तिच्यासमोर पाटावर बसून ऐकत होते. तुम्ही दोघं स्वतःला समजता काय, इथून सुरुवात झाली. मधे ती रडली, मग पुन्हा बोलली. शेवटी म्हणाली, ते असते तर दोघांना एकदम समोर बसवलं असतं. आता त्यांच्या वाट्याचंही तुम्हीच ऐका.

मी ऐकलं. तुमच्या वाट्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटत होतं.

तुमची,
वहिनी